पापणीएवढ्या रेघेचे अर्थकारण

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि महाराष्ट्रात काही काळ उत्साहाचे वारे वाहिले. सातवाहनांचे शिलालेख, हालाची गाथासप्तशती, लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी ही नावे सभांतून व वृत्तपत्रांतून पुन्हा एकदा निनादली. ते योग्यच झाले. पूर्वजांनी मिळवलेल्या इस्टेटीचा दाखला हाती आला म्हणजे वारसास समाधान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इस्टेटीचा दाखला आणि घरातील रोजचा जमाखर्च या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास निराळे सांगावे लागत नाही. अभिजात मराठीच्या रोजच्या जमाखर्चातील एक बारीकशी, परंतु गेली तीन दशके न जुळलेली नोंद येथे तपासावयाची आहे. ती नोंद अर्ध्या अक्षराची आहे.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पाहावा. त्यातील ‘यां’च्या डाव्या अंगास एक लहान वळणदार रेघ चिकटलेली आहे. हा अर्धा ‘र’ होय. ‘सूर्य’ या शब्दातील अर्धा ‘र’ पुढील अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो व त्यास आपण रफार म्हणतो. हा मात्र खांद्यापाशीच थांबतो. इंग्रजी तंत्रज्ञांनी त्याला ‘पापणीचा र’ असे नाव दिले आहे आणि ते गोजिरवाणे असले तरी अन्वर्थक आहे. मराठीत हा ‘र’ प्रायः ‘य’ आणि ‘ह’ या दोन अक्षरांआधीच येतो: दऱ्या, सुऱ्या, नोकऱ्या, कुऱ्हाड, तऱ्हा, गुऱ्हाळ, वऱ्हाड.

ही रेघ लेखनिकांची हौस नव्हे. ‘सूर्य’ किंवा ‘कार्य’ म्हणताना रफाराच्या मागील अक्षरावर आघात येतो; ‘दऱ्या’ म्हणताना मागील ‘द’ हलकाच राहतो. छंदःशास्त्राच्या परिभाषेत तो लघूच राहतो, गुरू होत नाही. पहिली तऱ्हा संस्कृतातून आली, दुसरी मराठीने आपल्या बोलण्यातून घडवली, आणि लिपीने दोहोंना दोन चिन्हे दिली. अर्थाचा भेदही त्या रेघेवर अवलंबून असतो. ‘दर्या’ कोकणच्या किनाऱ्यावर दिसतो, ‘दऱ्या’ सह्याद्रीत. आचार्यांना बोलावले तर प्रवचन ऐकावे लागते, आचाऱ्यांना बोलावले तर पंगत बसते.

आता अर्थशास्त्राच्या बाजूने या रेघेकडे पाहू. शेतकरी, कामकरी, व्यापारी, अधिकारी, कर्मचारी, भिकारी असे समाजातील वर्गांचे जे शब्द मराठीत आहेत त्यांतील कितीतरी ‘री’ने संपतात, आणि विभक्तीचा प्रत्यय लागताच त्या ‘री’चा ‘ऱ्या’ होतो. चारा, शेतसारा, निचरा, सातबारा यांचीही तीच गत. चाऱ्याची टंचाई, शेतसाऱ्याची माफी, पाण्याच्या निचऱ्याची योजना, सातबाऱ्यावरील बोजा, कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता, सुशिक्षितांच्या नोकऱ्या यांपैकी एकाही प्रश्नावर या रेघेवाचून मराठीत लिहिता येणार नाही. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाचे भाषण या रेघेखेरीज छापून दाखवावे असे आव्हान कोणासही द्यावे. तेव्हा मराठीपुरते हे चिन्ह दुर्मिळ मुळीच नाही. दुर्मिळ आहे ते मराठीच्या बाहेर.

लिपी एक, बहुमत दुसऱ्याचे

देवनागरी ही मराठीची लिपी आहे, पण ती एकट्या मराठीची नाही. २०११ च्या जनगणनेत हिंदी ही मातृभाषा नोंदवणारांची संख्या ५२ कोटी ८३ लाखांच्या आसपास होती, मराठी नोंदवणारांची ८ कोटी ३० लाखांच्या. हिंदीस पापणीच्या ‘र’ची गरज नाही. कोकणी आणि नेपाळी यांना तो लागतो, पण त्या भाषा संख्येने लहान. म्हणजे देवनागरीच्या घरात हे अल्पसंख्याकांचे अक्षर ठरते. आठ कोटी लोकांची भाषा अल्पसंख्य कशी, असे कोणी विचारील. परंतु अल्पसंख्यत्व हे डोक्यांच्या मोजणीवर जितके असते तितकेच निर्णय कोणत्या टेबलावर होतो यावरही असते.

खिळ्यांच्या छपाईच्या काळी हा प्रश्न नव्हता असे नाही, पण तो सोपा होता. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरीचे देखणे खिळे पाडले तेव्हा खिळे ओतणारा, जुळवणारा आणि वाचणारा ही सारी माणसे मराठी मुलुखातील होती. एका जादा खिळ्याचा खर्च पडे, तो गिऱ्हाईक देई, आणि गिऱ्हाइकाला ते अक्षर हवेच असे. मागणी व पुरवठा एका गावात नांदत होते म्हणा ना. टंकयंत्र आले तेव्हा मोजक्या कळांत शेकडो जोडाक्षरे कोंबण्याची कसरत करावी लागली, आणि लिपी यंत्रासाठी की यंत्र लिपीसाठी हा वाद सुरू झाला. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याची शिफारस केली होती. ती लोकांना रुचली नाही व पुढे सोडून द्यावी लागली. इतक्या दूरचा प्रयोग फसला तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली, ती ही की लिपीचे निर्णय आता गावच्या छापखान्यात राहिले नव्हते.

संगणकाने ही प्रक्रिया पूर्ण केली. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो आणि तो सर्वांनी मानावा लागतो. भारतीय लिप्यांसाठी असा एक सांकेतिक तक्ता १९८८ मध्ये तयार झाला, १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने त्याचे सुधारित रूप मानक म्हणून प्रसिद्ध केले, आणि जगातील लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संहितेने आपल्या देवनागरीचा पाया याच भारतीय तक्त्यावर घातला. या तक्त्यात ‘ऱ’ म्हणजे खाली टिंब असलेला ‘र’ आहे. पण तो आला कसा? दक्षिणेकडील भाषांत एक कठोर ‘र’ आहे, तो देवनागरीत लिहून दाखवता यावा म्हणून. युनिकोडच्या यादीत त्या अक्षरासमोरचा शेरा हेच सांगतो, आणि पुढे जोडतो की याचे अर्धे रूप म्हणजे पापणीचा ‘र’. शेतकऱ्यांच्या, कर्मचाऱ्यांच्या, नोकऱ्यांच्या मराठी ‘र’ला अशा रीतीने तामिळ व तेलुगूच्या दाराने आत यावे लागले. आत येता आले, हे उपकारच म्हणावयाचे.

एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. पण तेच रूप पडद्यावर आणण्याचा आणखी एक मार्ग संहितेने चालू ठेवला: साधा ‘र’, त्यास हलन्ताची खूण, आणि तिच्यापुढे एक अदृश्य जोडक. हा जोडक नावाप्रमाणेच दिसत नाही, जागाही व्यापत नाही. शेजारच्या अक्षराने कोणते रूप घ्यावे एवढे तो यंत्राला सांगतो. जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी हा या मार्गामागचा हेतू. शिवाय ‘ऱ’ स्वतःच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन भागांतही लिहिता येतो. म्हणजे एकाच रेघेच्या पाठीमागे क्रमांकांच्या तीन ओळी उभ्या राहू शकतात. यांपैकी पूर्ण ‘ऱ’ आणि नुक्त्याचा ‘र’ हे समान मानावेत असा नियम आहे. अदृश्य जोडकाचा ‘र’ मात्र त्या नात्यात बसत नाही. डोळ्यांना दोन्ही शब्द जुळ्या भावंडांसारखे दिसतात, यंत्राला ते परके वाटतात.

किंमत कोणी मोजावयाची

याचे परिणाम पाहावेत. एखाद्या ग्रंथालयाच्या यादीत आचार्य अत्रे यांचे ‘कऱ्हेचे पाणी’ एका पद्धतीने नोंदवले आहे आणि विद्यार्थी दुसऱ्या पद्धतीने शोधतो आहे. यंत्राला दोन्ही रूपे एकच असे शिकवलेले नसेल तर ते शांतपणे सांगेल की असे पुस्तक नाही. पुस्तक कपाटात असते. एक कारकून बदलून दुसरा आला, त्याच्या यंत्रावरील कळफलक निराळा होता, एवढ्या कारणाने एकाच कार्यालयातील एकाच विषयाचे आदेश दोन गटांत विभागले जाऊ शकतात.

दुसरा परिणाम याहून ठळक आहे. मजकूर एका यंत्रातून दुसऱ्यात नेताना अदृश्य खुणा केर म्हणून झाडून टाकणारी कितीतरी साधने आहेत. जोडक गेला की उरतो साधा ‘र’ आणि हलन्त, आणि लिपीच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे तो उडी मारून पुढील अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘शेतकर्यांना’, ‘नोकर्या’, ‘अधिकार्यांचे’ अशी जी विचित्र रूपे पाट्यांवर, पत्रकांत आणि क्वचित छापील पुस्तकांतही दिसू लागली आहेत, त्यांतील पुष्कळांचा उगम येथे आहे. वाचक ती मुद्रितशोधकाच्या माथी मारतो, शिक्षक विद्यार्थ्याच्या. शुद्धलेखनाच्या नावाने मुलांचे गुण कापण्याआधी त्यांच्या हातातील यंत्राकडे एकदा पाहावे, असे अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्या आम्हा मंडळींना सुचवावेसे वाटते.

तिसरा परिणाम नावांवर होतो, आणि येथे प्रश्न शुद्धलेखनाच्या वहीतून बाहेर पडून पोटापाण्याच्या आवारात शिरतो. गोऱ्हे, कुऱ्हाडे, कऱ्हाळे, बऱ्हाटे ही आडनावे महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २०१९ मध्ये केंद्राची किसान सन्मान योजना आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याने कर्जमुक्ती जाहीर केली. या सर्व योजनांत एका नोंदवहीतील माणूस दुसऱ्या नोंदवहीतील माणसाशी जुळवून पाहावा लागतो. आधार क्रमांकाने हे काम सोपे केले हे खरे. पण जमिनीची नोंद, वारसाची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचे पासबुक येथे अखेर नावाला नाव भिडते. रोमन लिपीत तर ‘ऱ्ह’चे हाल विचारूच नयेत. ‘ह’चे एक रोमन अक्षर टंकताना गळले की गोऱ्ह्यांचे गोरे होतात, ते राहिले तरी यंत्राने रोमनचे पुन्हा मराठी करताना रफार चढवून ‘गोर्हे’ करण्याची भीती असते. मग तालुक्याच्या गावी खेप, मुद्रांकाच्या कागदावर प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार आणि एक बुडालेला रोज.

अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात. कारखाना आपले सांडपाणी नदीत सोडतो आणि त्याची किंमत खालच्या गावातील गाई मोजतात, तसाच हा प्रकार आहे. सांकेतिक पद्धत कोणती वापरावयाची हे ठरवणारा कार्यक्रमकार, ती न तपासता विकत घेणारे खाते आणि भूर्दंड सोसणारा खातेदार हे तिघे तीन ठिकाणी राहतात. पहिल्या दोघांच्या हिशोबवहीत तिसऱ्याचा बुडालेला रोज कधीच उतरत नाही, म्हणून पद्धत बदलण्याची निकड त्यांना वाटत नाही. प्रत्येक घटनेतील नुकसान इतके लहान असते की त्यासाठी कोणी मोर्चा काढणार नाही, आणि सर्वांची बेरीज करण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. वाचक संदर्भाने अर्थ जाणतो, तेव्हा रेघ सोडून द्यावी व सर्वत्र रफारच लिहावा, हा पहिला. वाचक जाणतो हे कबूल. यंत्र जाणत नाही. अंध वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी यंत्रे आज आहेत, त्यांना रफार दिला तर ती रफारच उच्चारणार. शिवाय एका भाषेने आपल्या उच्चारातील जिवंत भेद यंत्राच्या सोयीसाठी टाकून द्यावा, ही मागणी हिंदीकडे किंवा इंग्रजीकडे कोणी केल्याचे ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप असा की मोठ्या शोधयंत्रांनी ही अडचण केव्हाच दूर केली आहे. काही अंशी केली असेल. परंतु तलाठ्याची नोंदवही आणि सहकारी पतपेढीचे खाते जगड्व्याळ परदेशी कंपन्यांच्या चातुर्यावर चालत नाही. ते स्थानिक कंत्राटदाराने स्वस्तात करून दिलेल्या कार्यक्रमावर चालते.

मग चांगली पद्धत आपोआप वाईट पद्धतीस हटवील काय? बाजाराच्या शहाणपणावर भिस्त ठेवणारांचे उत्तर होकारार्थी असते. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ साली इंग्रजी टंकयंत्राच्या कळफलकाचा इतिहास सांगून या विश्वासाला चांगलाच हादरा दिला. एकदा एक मांडणी रूढ झाली, तीवर लोक शिकले, यंत्रे त्याप्रमाणे बनली, की तिच्यापेक्षा सोयीस्कर मांडणी पुढे आली तरी तिला शिरकाव मिळेलच असे नाही. कारण एकट्याने बदलणारा एकटाच अडचणीत येतो. मराठीत तर असा एकच अडथळा नाही. युनिकोड रूढ होण्याआधी श्री-लिपी, आकृती वगैरे निरनिराळ्या उत्पादकांच्या अक्षरसंचांत प्रत्येकाची क्रमांकव्यवस्था स्वतंत्र होती. त्या काळातील मजकूर युनिकोडमध्ये आणताना रूपांतर करणाऱ्या साधनाने पापणीच्या ‘र’साठी कोणता मार्ग निवडला, यावर त्या मजकुराचे पुढील भवितव्य ठरते. मालकाला ते ठाऊकही नसते.

चुकचींचे अक्षर आणि रुपयाचे चिन्ह

हा अनुभव एकट्या मराठीचा नाही. रशियाच्या अगदी ईशान्य टोकाला, बेरिंगच्या सामुद्रधुनीलगत, चुकची नावाचे लोक राहतात. २०१० च्या रशियन जनगणनेत त्यांची संख्या सोळा हजारांच्या आत होती व भाषा बोलणारे त्याहून पुष्कळच कमी. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या भाषेला रोमन लिपी देण्यात आली. १९३७ मध्ये ती काढून रशियन लिपी आली. रशियन अक्षरे चुकची ध्वनींना पुरेनात, तेव्हा प्रथम काही अक्षरांपुढे वरच्या बाजूस स्वल्पविराम लावून वेळ निभावली, आणि १९५० च्या दशकात त्यांऐवजी खाली आकडी असलेली अक्षरे आली. चुकचीतील ‘ल’ हा रशियन ‘ल’ नव्हे. जिभेच्या कडांनी हवा घासून नेत तो उच्चारतात. त्यासाठी आकडीचा ‘ल’ १९८० च्या दशकाच्या अखेरीस लेखनात आला, परंतु युनिकोडमध्ये त्यास क्रमांक मिळाला २००६ साली. संगणकाचा प्रसार ज्या वर्षांत झाला नेमकी तीच ही वर्षे. तोवर त्या भाषेत पाठ्यपुस्तक छापावयाचे तर कोणी तरी खास अक्षरसंच बनवावा, आणि तो ज्याच्या यंत्रावर नसेल त्याला त्या जागी भलतेच अक्षर दिसावे.

चुकची थोडे, दरिद्री आणि राजधानीपासून हजारो मैल दूर. त्यांना थांबावे लागले हे समजू शकते. आता याच्या शेजारी आपल्या देशातील एक घटना ठेवावी. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाचे नवे चिन्ह मान्य केले. देवनागरी ‘र’ आणि रोमन अक्षर यांच्या मिलाफातून ते घडवलेले आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या आवृत्तीत ते समाविष्ट झाले. तीन महिने! पाठीमागे सरकार उभे राहिले, तज्ज्ञांनी प्रस्ताव वेळेवर नेला आणि बँका व यंत्रनिर्माते यांना त्याची गरज भासली, तर एक ‘र’ तीन महिन्यांत जगभर पोहोचतो. शेतकऱ्याच्या नावातील ‘र’ला क्रमांक मिळूनही तीस वर्षांत एकवाक्यता लाभत नाही. रुपयाच्या ‘र’चे गिऱ्हाईक कोण आणि या ‘र’चे कोण, याचा विचार वाचकांनी करावा.

मराठीपुरते पाहिले तरी यशाचे उदाहरण नाही असे नव्हे. ‘ॲडव्होकेट’मधील ‘ॲ’ हे अक्षर हिंदीच्या पद्धतीने ‘ए’वर चंद्र काढून लिहिले जाई, किंवा ‘अ’ व चंद्र असे दोन तुकडे जोडून. २००८ मध्ये युनिकोडने त्यास स्वतंत्र क्रमांक दिला. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्राने आपली वर्णमाला ठरवली तेव्हा ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना तीत स्थान मिळाले. आज ते अक्षर शाळकरी मुलाच्या दूरध्वनीवरही सहज उमटते. इंग्रजी शब्दांसाठी घेतलेले अक्षर मार्गी लागले याचा आनंद मानावा. मराठीने स्वतःच्या पोटी वाढवलेले अक्षर रांगेत मागे राहिले याची थोडी लाजही वाटावी.

मराठवाड्यातील वाचकास तरी लिपीतील एका चिन्हाची किंमत समजावून सांगण्याची गरज नसावी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. उर्दू लिपीत ‘ळ’ला निराळे अक्षर नाही, त्यामुळे काळे आणि काले त्या दप्तरात एकाच वेशात वावरतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली तेव्हा मोडी व उर्दू वाचणारे जाणकार शोधावे लागले, आणि पंचाहत्तर-शंभर वर्षांपूर्वी कोण्या कारकुनाने ओढलेल्या एका फाटकाऱ्यावर आज एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून राहू शकतो हे घरोघर कळले. आरक्षणाच्या प्रश्नाची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु त्या दप्तराची लिपी परक्यांनी ठरवली होती, ही सबब तेव्हाच्या कारभाराला तरी होती. आजचे दप्तर आपण, आपल्या भाषेत, आपल्या राज्यात तयार करीत आहोत.

आमच्या चिकलठाण्याचेच पाहा. विमानतळ आणि औद्योगिक वसाहत यांमुळे हे नाव दूरवर गेले, पण त्याचे लेखन एकरूप नाही. कोणी चिकलठाणा लिहितो, कोणी चिखलठाणा. साताऱ्याकडील कऱ्हाड इंग्रजीच्या वाटेने कराड झाले आणि मराठीतही दोन्ही रूपे नांदतात. बस चुकत नाही, कारण वाहकाला दोन्ही नावे ठाऊक असतात. यंत्राला मात्र ती दोन गावे. निदान येथे दोन रूपे डोळ्यांना दिसतात व वाद घालता येतो. पापणीच्या ‘र’च्या बाबतीत वाद घालावयास डोळ्यांपुढे काहीच नसते.

करावयाचे काय, तर त्यासाठी मोठा निधी लागत नाही. राज्य शासनाने १० नोव्हेंबर २०२२ रोजी देवनागरी लिपी व वर्णमालेविषयी सुधारित निर्णय काढला. अक्षरांच्या वळणांची चर्चा त्यानिमित्ताने पुष्कळ झाली, ‘ल’ पाकळीचा की दांड्याचा, ‘श’ देठाचा की गाठीचा. ती आवश्यकच होती, परंतु दिसणाऱ्या वळणामागे कोणते क्रमांक असावेत हे ठरवणे आणि ते पाळले जातात की नाही हे तपासणे ही निराळी कामगिरी आहे. पापणीचा ‘र’ हा ‘ऱ’ आणि हलन्त याच क्रमाने साठवला जाईल, अदृश्य जोडकाने नव्हे, असे एक वाक्य प्रत्येक शासकीय संगणकीय कंत्राटाच्या अटींत घालावे. महाजालावरील पत्त्यांच्या सर्वोच्च श्रेणीत अदृश्य जोडकास मुळातच मज्जाव आहे, तेव्हा निवड कोणती करावी याविषयी फार खल करण्याचे कारण नाही. जुना साठा एकदा बदलून घेण्याचे काम यंत्र स्वतःच करू शकते. ज्या ठिकाणी जोडक आधीच गळून गेला आहे तेथे मात्र माणूस बसवावा लागेल, कारण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला निवाडा यंत्राने करू नये. हे काम भाषा संचालनालय व राज्य मराठी विकास संस्था यांनी अंगावर घेतले तर पदवीधर मराठी मुलामुलींना काही महिने काम मिळेल, आणि ते काम खड्डे खणून पुन्हा बुजवण्याच्या जातीचे असणार नाही.

कळफलकाची अडचण पुढे करू नये. शासनाने स्वीकारलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत ज्या कळीवर ‘र’ आहे तिच्यावरच, शिफ्टची कळ दाबली की, ‘ऱ’ मिळतो. टंकलेखनाच्या वर्गात ही एक कळ शिकवण्यास पाच मिनिटे लागतात. ती शिकवली जात नाही, कारण परीक्षेत गती मोजतात व कागदावर उमटलेले रूप पाहतात. त्यामागील क्रमांक पाहण्याची सोय परीक्षकाकडे नसते. ती सोय करणे शासनाच्या हाती आहे.

आणि या रांगेत मराठीच्याही मागे उभ्या असलेल्या भाषा आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक, कोरकू ७ लाखांवर आणि कोलामी सव्वा लाखाच्या वर आहेत. गडचिरोली, मेळघाट, यवतमाळ हे आपलेच प्रदेश. गोंडीच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये व गुंजाळा लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण महाराष्ट्रातील शाळांत या भाषा लिहावयाच्या झाल्या तर बहुधा देवनागरीतच लिहिल्या जातील आणि त्यांच्या ध्वनींसाठी काही जादा खुणा लागतील. त्या खुणांचा आग्रह धरणारा शिक्षक उद्या मुंबईच्या एखाद्या कार्यालयात आला, तर त्याच्याशी बोलणारा अधिकारी मराठी असेल.